नोंदवहीत नाही ते मोजायचं कसं?

'आकडेवारीच मिळत नाही, मग विषय सोडू का?' असं विचारणाऱ्यांनी आधी एक पुस्तक वाचावं. डंकन मॅकडुई-रा यांचं 'नॉर्थईस्ट मायग्रंट्स इन दिल्ली : रेस, रिफ्यूज अँड रिटेल' (२०१२).

ईशान्येकडून दिल्लीत शिकायला, नोकरीला आलेल्या मुलामुलींना रस्त्यात 'चिंकी' म्हणून हाका मारतात, घरमालक अडवतात. पोलिसात गेलं तरी नोंद होते ती साध्या मारहाणीची किंवा छेडछाडीची. चेहरा बघून मारलं, हे लिहायला रकानाच नाही. म्हणजे तुम्ही फक्त पोलिसांचे आकडे घेऊन बसलात तर दिल्लीत वर्णद्वेष जवळजवळ शून्य निघेल! मॅकडुई-रा आकड्यांऐवजी माणसांमध्ये वावरून, बोलून माहिती गोळा करतात.

मला सगळ्यात पटलेला भाग 'रिटेल'चा. रस्त्यावर ज्या चेहऱ्याची टिंगल होते, तोच चेहरा मॉलमधल्या दुकानांना हवा असतो, कारण तो 'परदेशी' वाटतो. छळ आणि मागणी, दोन्हींचं मूळ एकच. निव्वळ 'किती जणांना त्रास झाला' अशी प्रश्नावली वाटून हे हाती लागलं नसतं.

पण या पद्धतीतून प्रमाण कळत नाही. ते या पुस्तकाकडे मागूही नका. माझी खरी तक्रार शीर्षकातल्या 'नॉर्थईस्ट'बद्दल आहे. आठ राज्यं, शेकडो भाषा. ज्याचा चेहरा दिल्लीकराला 'वेगळा' वाटतच नाही असा आसामी मुलगा आणि एखादी नागा मुलगी, यांना एकाच गटात कसं मोजणार? लेखकाला हा फरक माहीत आहे, तरी शीर्षकात दिल्लीनेच चिकटवलेलं लेबल येतं. तुमच्या प्रस्तावात गट ठरवताना हे आधी तपासा.

पुस्तकानंतर दोन वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये, लाजपत नगरात मारहाण झालेल्या निदो तानियाम या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा छळासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद सुचवली. तो अहवाल पुस्तकाशेजारी ठेवून वाचा आणि मग २०२४ मध्ये लागू झालेली भारतीय न्याय संहिता उघडा. वंश किंवा जन्मस्थानावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेला खून, गंभीर दुखापत यांचा तिथे वेगळा उल्लेख आहे. एकट्याने मारलेल्या 'चिंकी' या हाकेसाठी तसा रकाना अजून नाही.