‘रक्त पातळ करणारी औषधे’ : एका रूपकाची चिकित्सा

वॉरफरिन, ॲपिक्साबॅन वा ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाच्या तोंडी ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ हा इंग्रजीवरून शब्दशः उचललेला प्रयोग आता पुरता रुळला आहे. मूळ रूपकच सदोष होते. रक्ताचा दाटपणा यांपैकी कोणतेही औषध कमी करीत नाही. वॉरफरिन ‘के’ जीवनसत्त्वाचे कार्य रोखते, ॲपिक्साबॅन साकळण्याच्या क्रियेतील दहावा घटक अडविते, ॲस्पिरिन प्लेटलेट एकमेकींस चिकटू देत नाही. फलित एकच : रक्त साकळण्यास विलंब. ‘साकळणे’ हे घरगुती क्रियापद हाताशी असता ‘पातळ’ची उसनवारी का व्हावी, हे कोडेच आहे.

एरवी हा दोष क्षम्य ठरता. आतड्याच्या कर्करोगासाठी मलातील अदृश्य रक्त शोधणाऱ्या चाचणीत मात्र तो घातक ठरतो. रक्त आढळताच, ‘पातळ’ रक्त आपोआप पाझरले असणार, असा तर्क हे विशेषणच सुचविते. निकाल औषधाच्या माथी मारून रुग्ण मोकळा होतो. वस्तुतः औषध बहुधा आधीच असलेल्या एखाद्या जागेतील स्राव वाढविते, आणि ती जागा मूळव्याधीची असेल तशी मांसांकुराची किंवा कर्करोगाचीही असू शकते. ॲस्पिरिनने जठरास व्रण पडतात हे खरे. परंतु जुनी ग्वायाक चाचणी रक्तातील हीम टिपत असे, तर आजची प्रतिपिंड-चाचणी मानवी ग्लोबिन शोधते, आणि जठरातून निघालेले ग्लोबिन बव्हंशी वाटेतच पचून जाते. जुन्या चाचणीसाठीची पथ्ये नव्या चाचणीस लावणे म्हणूनच गैर होय.

प्रतिपक्षाजवळही पुरावा आहे. नॉर्वेतील एका अभ्यासात (२०१९) रक्त आढळलेल्यांपैकी कर्करोग निघण्याचे प्रमाण, ॲस्पिरिन आणि नवी साकळण-रोधक औषधे घेणाऱ्यांत इतरांहून कमी भरले. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. येथेच ‘खोटा होकार’ ही दुसरी संज्ञा दिशाभूल करते. चाचणीस प्रश्न विचारलेला असतो रक्ताचा. रक्त असेल तर तिचे उत्तर खरेच असते. कर्करोगाचा प्रश्न बृहदांत्राच्या दुर्बिणी-तपासणीने सुटावयाचा असतो, आणि औषध चालू आहे म्हणून ती टाळता येत नाही.

अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१७ साली या प्रतिपिंड-चाचणीसाठी अशी औषधे थांबविण्याची गरज नसल्याचे सांगितले. ‘पातळ’ रक्ताच्या धास्तीने नमुना देण्यापूर्वी परस्पर गोळी सोडणारा रुग्ण मेंदूत वा फुप्फुसात गुठळी अडकण्याचा धोका पत्करतो. माहितीपत्रकांतून ‘रक्त लवकर साकळू न देणारे औषध’ असे लिहिल्यास दोन शब्द वाढतील, इतकेच.