छावणींतला संसार आणि त्याचें शास्त्र

परमुलुखांत जाऊन नवा संसार थाटणाऱ्या माणसाच्या पहिल्या अडचणी मोठ्या विचारांच्या नसतात. खाट कोठें मांडावी, पाणी कशांत सांठवावें, धान्यास कीड लागूं नये म्हणून काय करावें, अशाच त्या असतात. त्यांतून तो मुलूख उष्ण आणि माणूस थंड देशांतला असला, म्हणजे घर सजविण्याचें काम केवळ शोभेचें न राहतां जीव जगविण्याचें होऊन बसतें. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत येणाऱ्या इंग्रज स्त्रियांकरितां ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ निर्माण झाले. त्यांत विशेष गाजलेला ग्रंथ म्हणजे फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर ह्या दोघींनीं मिळून लिहिलेला 'दि कंप्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक'. तो १८८८ सालीं प्रसिद्ध झाला आणि पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ह्या ग्रंथाचें मोल काय, हें आम्ही येथें पाहणार आहोंत. मात्र त्याची परीक्षा कलकत्ता किंवा सिमला येथें न घेतां आम्ही ती हिंगोलीस घेणार आहोंत.

हिंगोलीच कां, असें वाचक विचारतील. आज हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजीं तो परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. औंढ्याचा नागनाथ आणि नामदेवांची नरसी ह्यांमुळें तो महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण निजामाच्या राज्यांत असतांना येथें मोठी लष्करी छावणी होती, ही गोष्ट जिल्ह्याबाहेर फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. पैसा निजामाचा आणि अंमलदार इंग्रज, अशी हैदराबाद कंटिंजंट नांवाची ती फौज होती आणि १९०३ पर्यंत हिंगोली हें तिच्या ठाण्यांपैकीं एक होतें. फौज गेली, पण पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार हीं नांवें गांवाच्या तोंडीं राहिलीं. अंमलदार आले तेथें त्यांचे संसारही आले, आणि ज्या वाचकवर्गासाठीं स्टीलबाईंनीं लेखणी उचलली तो वर्ग अशाच छावण्यांतून राहत होता.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगितले पाहिजेत. दोघीही ग्रंथकर्त्या पंजाबांतील मुलकी अंमलदारांच्या पत्नी. स्टीलबाईंनीं सुमारें वीस वर्षें त्या प्रांतांत काढलीं, तेथील भाषा शिकून घेतली, मुलींच्या शाळा तपासल्या आणि लोककथाही गोळा केल्या. नवागत स्त्रीनें आधीं नोकरांची भाषा शिकावी, हा त्यांचा उपदेश आजही खरा आहे. कोठी रोज स्वतः उघडावी, जिन्नस मापून काढून द्यावे, हिशेब लिहावा, स्वयंपाकघर जातीनें पाहावें, असें त्या बजावतात. नोकरांच्या कामापासून गाय, कोंबड्या, कुत्रीं आणि बागेपर्यंत संसाराचें एकही अंग त्यांनीं सोडलेलें नाहीं. वस्तूंच्या बाबतींत ह्या बायकांची नजर आमच्याकडील एखाद्या मुरलेल्या आजीबाईच्या नजरेइतकीच पक्की आहे, आणि ही स्तुति आम्ही मनापासून करीत आहोंत.

परंतु ज्या भूमीवर घर उभारावयाचें, ती भूमि ग्रंथाला आपली वाटत नाहीं. घर म्हणजे बाहेरच्या देशापासून बचाव करणारी गढी, ही कल्पना त्याच्या मुळाशीं आहे. पाकक्रियांचा एवढा मोठा भाग, पण त्यांत देशी पदार्थ थोडे. तेही लोकांच्या आग्रहाखातर घातल्याचें सांगून, असले पदार्थ बहुधा फाजील तुपकट आणि गोड असतात, असा शेरा वर मारलेला आहे. पुरणपोळीच्या देशांत राहून तुपाला नांवें ठेवणें, हें धैर्य खरें, रसिकता नव्हे!

वास्तविक पाहतां ह्या गढीचा प्रत्येक चिरा देशीच होता. हिंगोलीचा उन्हाळा घ्या. तेथील हवा कडक उन्हाची पण कोरडी असते. म्हणून दारास वाळ्याची टट्टी लावून तिच्यावर पाणी मारीत राहिलें, कीं पाणी वाळतांना हवेंतील उष्मा शोषून घेतें आणि आंत येणारा वारा थंड होतो. इंग्रजांनीं ह्याच युक्तीला फिरत्या पंख्यांची पेटी जोडून 'थर्मँटिडोट' हें भारदस्त नांव दिलें. आज मराठवाड्यांतल्या घरोघरीं खिडकीला टेकून घुमणारा कूलर हा त्याच कुळांतला होय. हीच टट्टी मुंबईस किंवा रत्नागिरीस लावली, तर मुळांतच ओलसर असलेल्या त्या हवेंत पाणी लवकर वाळत नाहीं आणि श्रम वायां जातात. ह्यावरून 'उष्ण देश' ह्या एका नांवाखालीं सर्व मुलूख कोंबणें किती फसवें आहे, तें दिसेल. एका प्रांताच्या अनुभवावर लिहिलेलें गृहशास्त्र दुसऱ्या प्रांतांत नेण्यापूर्वीं तेथील शेजाऱ्याचें घर पाहून यावें, हें बरें.

छावणीच्या शेजारचें घर कसें होतें? जाड मातीच्या भिंती, वर लांकडी तुळयांवर माती पसरून केलेलें माळवद, लहान खिडक्या, भिंतींत देवळ्या व खुंट्या, कोपऱ्यांत पाण्याचा रांजण, धान्याची कणगी आणि मडक्यांची उतरंड. ह्या घरांत उजेड कमी आणि वारा बेताचा, हे दोष आहेतच. पण बाहेरचा उष्मा दिवसभर भिंतींतच अडकून राहतो आणि आंतली भुई गार लागते. सामान इतकें थोडें, कीं वाळवीला खाण्यासारखें फारसें हातीं लागत नाहीं, आणि हलकी बाज संध्याकाळीं उचलून अंगणांत टाकतां येते. बंगल्यांतल्या साहेबाला मात्र कपाटें आणि मेजें वाळवीपासून राखावीं लागत, त्यांच्या पायांखालीं मुंग्यांसाठीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागत, आणि बदली झाली कीं तें सर्व लिलांवांत काढावें लागे.

ह्या देवघेवीचा पुरावा भाषेंतही शिल्लक आहे. आमची खाट इंग्रजींत गेली आणि 'कॉट' होऊन परत आली. तिपाई गेली ती 'टीपॉय' ह्या नांवानें आज सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत मानानें उभी आहे. छिटाचें कापड 'चिंट्झ' झालें, आणि मुंबईच्या डोंगरीचें जाडेंभरडें कापड 'डंगरी' ह्या नांवानें जगभर फिरलें. उलट अलमारी आणि लिलांव हे शब्द आमच्याकडे पोर्तुगीजांमागून आले. ज्या घरांतल्या सामानाच्या नांवांची एवढी सरमिसळ झाली, त्या घरानें आपण देशापासून अलग आहोंत असें मानावें, हा एक भ्रमच होता.

ग्रंथाचा खरा दोष मात्र माणसांच्या प्रकरणीं आहे. ओली टट्टी आपोआप ओली राहत नाहीं आणि पंखा आपोआप हालत नाहीं. ओसरींत बसून रात्रभर दोरी ओढणारा माणूस हें त्या सजावटीचें सर्वांत आवश्यक साहित्य होतें. ग्रंथकर्त्यांना हा माणूस दिसतो, पण मूल म्हणून दिसतो. नोकर वयानें वाढला तरी बुद्धीनें लहानच, म्हणून त्याला बक्षीस द्यावें, दंड करावा, आणि अगदींच न सुधारल्यास एरंडेल पाजावें, असा त्यांचा मार्ग आहे. घर चालविणें आणि साम्राज्य चालविणें ह्यांना त्या एकच न्याय लावतात. ज्या बाईनें लोकांची भाषा शिकून त्यांच्या कथा ऐकल्या, तिनेंच हें लिहावें, ह्याचें वाईट वाटतें.

हा अविश्वास उपयोगी तरी पडला असता काय? ह्याचें उत्तर हिंगोलीच देते. निजामाच्या नोकरींत असलेले फिलिप मेडोज टेलर ह्यांनीं ठगांवर लिहिलेली आपली कादंबरी १८३९ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत ते हिंगोलीच्या छावणींतील हरिसिंग नांवाच्या व्यापाऱ्याची हकीकत देतात. हा मोठा प्रतिष्ठित गृहस्थ. टेलरसाहेबांचा आणि इतर पुष्कळांचा त्याच्याशीं व्यवहार. त्यानें मुंबईहून कापड आणण्यासाठीं छावणीच्या मुलकी अंमलदाराकडून रीतसर परवाना मिळविला. कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें होतें. तो माल घेऊन येत असतां त्याला त्याच्या माणसांसह वाटेंत ठार करून हरिसिंगानें तो माल परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणींत उघडपणें विकला. पुढें पकडला जाऊन त्यानें स्वतःच सांगितलें, तेव्हां ही गोष्ट उघडकीस आली. पहाऱ्याच्या शिपायांपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलेलीं प्रेतें उकरतांना टेलर स्वतः हजर होते.

स्टीलबाईंचा ग्रंथ ह्यानंतर पन्नास वर्षांनीं लिहिलेला आहे, हें आम्ही विसरत नाहीं. तरीही त्यांतील संशयाची दिशा हीच हकीकत चुकीची ठरविते. गरीब खानसाम्याच्या हातांतली साखर तोलून पाहणारें घर, प्रतिष्ठित दुकानदाराच्या कापडाचा भाव तेवढा विचारून तें विकत घेतें. तें कापड कोणाच्या हातून आलें, हा प्रश्न कोणास सुचत नाहीं. पत पाहून विश्वास आणि गरिबी पाहून संशय, ही रीत गृहशास्त्राची म्हणतां येणार नाहीं. ती अहंकाराची होय.

हें सर्व साहेब गेल्यावर संपलें असें म्हणून आम्हांस सुटका करून घेतां येत नाहीं. जाड मातीचीं घरें पाडून आम्ही सिमेंटचे स्लॅब घातले. ते दिवसा तापतात आणि रात्रीं तोच उष्मा घरांत सोडतात. मग त्यावर यंत्रांनीं उपाय करीत बसतों. बंद काचा, मखमली सोफे आणि जाड गालिचे हें सामान आम्ही आपल्या उन्हाळ्यास न विचारतां विकत घेतों. आपल्याच गांवांत आम्ही असे नवागत झालों आहोंत. आणि कामाच्या बाईचा चहाचा पेला वेगळा ठेवणाऱ्या घरांनीं स्टीलबाईंच्या एरंडेलास हंसण्याची घाई करूं नये.

एवढे दोष दाखवूनही हा ग्रंथ वाचावा, असेंच आम्ही सांगूं. कोठी, हिशेब आणि स्वच्छता ह्यांविषयींची त्यांतील शिस्त कोणत्याही गृहिणीस उपयोगीं पडेल. नोकरांविषयींचें प्रकरण मात्र वाचकांनीं इंग्रजांचें म्हणून वाचूं नये. तें आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें राहून वाचावें, आणि त्यांतलें किती अजून आपल्या घरीं चालू आहे, तें प्रामाणिकपणें मोजावें.