लघुउद्योगांतील शासकीय संशोधन : यशाच्या मोजमापाची एक चिकित्सा

शासनाने खाजगी उद्योगाच्या संशोधनावर पैसा का खर्च करावा, या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर अर्थशास्त्राने केव्हाच दिलेले आहे. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडलेला विचार असा की, नव्या ज्ञानाचा लाभ ते निर्माण करणाऱ्याच्या पदरी पूर्णपणे पडत नाही. त्याचा काही भाग इतरांना फुकट मिळतो. म्हणून समाजाला हितकर ठरेल त्यापेक्षा कमी संशोधन खाजगी क्षेत्र करते, आणि ही उणीव शासनाने भरून काढणे युक्त ठरते. परंतु ‘उणीव आहे’ हे सिद्ध झाल्याने ‘अमुक योजना ती भरून काढते’ हे सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाविषयी झालेल्या काही प्रमुख अभ्यासांची चिकित्सा करावयाची आहे.

या अभ्यासांचा विषय अमेरिकेतील लघुउद्योग नवप्रवर्तन संशोधन योजना हा होय. ‘एसबीआयआर’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९७७ मध्ये तिचा लहानसा प्रयोग केला आणि १९८२ च्या कायद्याने तिला देशव्यापी रूप आले. ज्या शासकीय खात्यांचा बाहेरून करवून घेण्याच्या संशोधनावरील खर्च दहा कोटी डॉलरांहून अधिक, त्यांनी त्यातील ठरावीक अंश पाचशेपर्यंत कर्मचारी असलेल्या उद्योगांसाठी राखून ठेवावा, असा हा दंडक. १९९२ च्या सुधारणेने हा अंश टप्प्याटप्प्याने अडीच टक्क्यांपर्यंत आणि २०११ च्या सुधारणेने ३.२ टक्क्यांपर्यंत वाढविला. पहिल्या टप्प्यात कल्पनेची शक्याशक्यता तपासण्यासाठी लहान रक्कम, दुसऱ्यात विकासासाठी मोठी रक्कम, आणि तिसऱ्यात या राखीव निधीतून काहीही नाही, अशी तिची त्रिस्तरीय रचना आहे.

जोश लर्नर यांचा १९९९ चा अभ्यास या वाङ्मयाचा पाया मानला जातो. अनुदान मिळालेल्या आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या परंतु अनुदान न मिळालेल्या अशा १,४३५ उद्योगांची त्यांनी दहा वर्षांच्या कालावधीवर तुलना केली. अनुदानितांची विक्री व रोजगार अधिक वेगाने वाढल्याचे त्यांना आढळले. मात्र ही वाढ जेथे साहसवित्ताचा व्यवहार मुळातच भरभराटीला आला होता अशा परिसरांपुरतीच मर्यादित होती. आणि अनेक अनुदाने मिळविणारे उद्योग एक मिळविणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. यावरून लर्नर यांनी असे सुचविले की, अनुदानाचे मुख्य कार्य पैसा पुरविणे हे नसून उद्योगाच्या गुणवत्तेवर शासनाची मोहोर उमटविणे हे असावे.

पुढच्याच वर्षी स्कॉट वॉलस्टन यांनी याच्या जवळजवळ उलट निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते शासनाचा एक डॉलर आला की उद्योगाचा स्वतःचा संशोधनावरील सुमारे एक डॉलर मागे घेतला जातो. आणि मोठे उद्योग अधिक अनुदाने मिळवितात, अनुदानांमुळे उद्योग मोठे होतात असे नव्हे. कार्य आणि कारण यांची अदलाबदल होण्याचा धोका त्यांनी अचूक हेरला, हे या अभ्यासाचे मोठे श्रेय. तथापि संशोधनखर्चाविषयीचे त्यांचे गणित ज्यांचे भाग जाहीर बाजारात विकले गेले आहेत अशा कंपन्यांच्या हिशेबांवर उभे आहे. ज्यांना भांडवलाची दारे आधीच उघडी आहेत त्यांच्या बाबतीत सरकारी पैसा खाजगी पैशाची जागा घेतो, यात नवल नाही. प्रश्न ज्यांना ती दारे बंद आहेत त्यांचा आहे.

हा प्रश्न सॅब्रिना हॉवेल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमका हाती घेतला. ऊर्जा खात्याच्या परीक्षकांनी अर्जांना दिलेले अनुक्रम त्यांना उपलब्ध झाले. त्यामुळे जे थोडक्यात निवडले गेले आणि जे थोडक्यात हुकले, त्यांची तुलना शक्य झाली. पहिल्या टप्प्याच्या सुमारे दीड लाख डॉलरांनी पुढे साहसवित्त मिळण्याची शक्यता १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर नेली. दुसऱ्या टप्प्याच्या दहा लाखांचा मात्र फारसा परिणाम दिसला नाही. ज्यांना बाजारात पैसा मिळू लागला त्यांपैकी पुष्कळांनी दुसऱ्या टप्प्यासाठी अर्जच केला नाही, हे त्याचे एक कारण. लर्नर यांची ‘मोहोरे’ची उपपत्तीही हॉवेल यांना मान्य नाही : पैशाने प्रायोगिक नमुना तयार होतो आणि नमुन्याने गुंतवणूकदाराची शंका फिटते, असे त्या म्हणतात. हा मतभेद केवळ शाब्दिक नव्हे. मोहोर महत्त्वाची असेल तर अल्प रक्कमही पुरेल. नमुना महत्त्वाचा असेल तर रक्कम नमुना घडविण्याइतकी असलीच पाहिजे.

पद्धतीच्या दृष्टीने हॉवेल यांचा अभ्यास तिघांत श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. पण येथेच एक मूलभूत आक्षेप घ्यावासा वाटतो. मूळ कायद्याने योजनेची चार उद्दिष्टे सांगितली होती : तांत्रिक नवप्रवर्तनास चालना, शासनाच्या स्वतःच्या संशोधनविषयक गरजा लघुउद्योगांकडून भागविणे, वंचित गटांचा सहभाग, आणि खाजगी क्षेत्रातील व्यापारीकरण. अभ्यासकांची मापे प्रायः चौथ्या उद्दिष्टाची आहेत. एकस्वांच्या संख्येवरून पहिल्याचा काही अंदाज येतो. दुसरे आणि तिसरे बहुधा मोजलेच जात नाही. नौदलाला हवे असलेले, परंतु अन्य कोणी विकत घेणार नाही असे एखादे उपकरण चोखपणे करून देणारा उद्योग साहसवित्ताच्या फूटपट्टीवर शून्य ठरतो. वर्षानुवर्षे अनुदानांवरच जगणाऱ्या उद्योगांना अमेरिकेत ‘गिरण्या’ म्हणून हिणविले जाते. त्यांतील कोण परोपजीवी आणि कोण विश्वासू पुरवठादार, हे ही फूटपट्टी सांगू शकत नाही. हॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हवाई दलाच्या अनुदानांचा अभ्यास करताना या योजनेबाहेरील संरक्षण-कंत्राटे हेही यशाचे माप धरले, ही योग्य दिशेची सुधारणा होय. विषय आधीच आखून न देता अर्जदारांकडूनच कल्पना मागविल्या तर परिणाम अधिक चांगला होतो, हा त्यांचा निष्कर्षही या दुहेरी मापामुळेच वजनदार झाला आहे.

या चर्चेचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये याच धर्तीची आणि जवळजवळ याच नावाची योजना सुरू केली. २०१२ मध्ये ‘बायरॅक’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिच्या प्रारंभिक अनुदानांच्या वाटपात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटरसारख्या संस्था सहभागी झाल्या. २००५ च्या योजनेत दुसऱ्या टप्प्याची मदत मुख्यतः अल्पव्याजी कर्जाच्या रूपाने होती, ही गोष्ट हॉवेल यांच्या निष्कर्षाच्या प्रकाशात विशेष विचारार्ह आहे. पण लर्नर यांचा इशाराही विसरता येत नाही : जेथे भांडवलाचा व्यवहार आधीच आहे तेथेच अनुदान फळत असेल, तर पुण्यात यशस्वी ठरलेली योजना गडचिरोलीत किंवा नांदेडात तशीच फळेल असे गृहीत धरता येणार नाही.

आपल्याकडे अशा योजनांचे मूल्यमापन करू पाहणाऱ्या अभ्यासकाने म्हणून प्रथम एक गोष्ट मागितली पाहिजे : नाकारलेल्या अर्जांची दप्तरे. यशस्वी उद्योगांच्या कहाण्या अहवालांत सहज छापल्या जातात. परंतु अनुदानाविना त्याच उद्योगांचे काय झाले असते, हे त्या सांगू शकत नाहीत. ते थोडेफार सांगू शकतात ते थोडक्यात हुकलेले अर्जदार. हॉवेल यांची कामगिरी शक्य झाली ती नव्या गणितापेक्षा एका खात्याने गुणानुक्रम जपून ठेवले आणि ते अभ्यासकाला पाहू दिले म्हणून. परीक्षकांचे गुण, अनुक्रम आणि नकारांची कारणे नावे वगळून जपावीत आणि विद्यापीठांना खुली करावीत, ही मागणी खर्चाची नाही. ती मान्य होत नाही तोवर योजनेचे समर्थक व टीकाकार दोघेही श्रद्धेच्याच बळावर बोलत राहतील, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब श्रद्धेवर सोडणे कोणत्याही विद्याशाखेला शोभणारे नाही.