पिट्सफील्डचें ताकीदपत्र आणि वाकोना पार्क

जिम बाउटन यांच्या 'फाउल बॉल' या इंग्रजी पुस्तकाचा परामर्श येथें घेण्याचें कारण खेळ हें नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्समध्यें पिट्सफील्ड म्हणून एक गांव आहे. तेथील हूसाटॉनिक नदीकांठचें वाकोना पार्क हें बेसबॉलचें जुनें मैदान राखण्यासाठीं ग्रंथकारांनीं केलेल्या खटपटीचा हा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. आणि पुढच्याच वर्षीं त्याच गांवच्या संग्रहांतून १७९१ चा एक कागद बाहेर पडला. ग्रंथ आणि कागद यांची साक्ष शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें साधनचिकित्सेस उपयोगाचें होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम मैदानाविषयीं. या जागेवर १८९२ पासून बेसबॉल खेळला गेला व १९१९ पासून ती गांवच्या मालकीची झाली. आंखणी अशी कीं, फलंदाजाचें तोंड पश्चिमेस येतें. सूर्यास्ताच्या सुमारास किरण थेट डोळ्यांत जाऊन पंचांस खेळ थांबवावा लागतो. दिव्यांच्या उजेडांत खेळण्याची चाल पडण्यापूर्वीं, दुपारच्या खेळासाठीं ही आंखणी झाली. म्हणजे हा दोष मैदानाच्या वयाचा अंतर्गत पुरावाच होय. गांवाच्या मध्यभागीं नवें मैदान बांधण्याची एक योजना निघाली होती. तिच्यासाठीं स्थानिक वृत्तपत्र जमीन देणार होतें, पण २००१ मध्यें मतदारांनीं ती फेटाळली, आणि त्या हंगामानंतर तेथील व्यावसायिक संघही गांव सोडून गेला. बाउटन हे एके काळीं न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचे गोलंदाज. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खाजगी भांडवलानें जुनें मैदान दुरुस्त करून, मोठ्या संघांच्या अंकित नसलेल्या एखाद्या स्वतंत्र लीगचा संघ तेथें आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो नाकारला गेला. मैदान दुसऱ्या मालकाच्या स्वतंत्र संघास मिळालें. दोन हंगाम खेळून तोही निघून गेला.

ग्रंथ रोजनिशीच्या स्वरूपाचा आहे. घडलें तें त्या त्या वेळीं टिपलें, हा त्याचा मोठा गुण. मागाहून आठवून रचलेल्या बखरीपेक्षां अशा टिपणाचें प्रामाण्य केव्हांही अधिक. परंतु टिपणारा स्वतः वादी आहे, हें विसरून चालणार नाहीं. अधिकारी, वृत्तपत्र व नव्या मैदानाचे पुरस्कर्ते यांच्या मनांतील हेतु ग्रंथकार जागोजाग सांगतात. त्यांनीं प्रत्यक्ष ऐकलेलें आम्ही विचारांत घेऊं. त्यावरून बांधलेला हेतूचा तर्क मात्र प्रतिपक्षाचे कागद पाहिल्यावांचून मान्य करतां येत नाहीं. पहिल्या प्रकाशकाशीं बिनसल्यामुळें त्यांनीं पुस्तक स्वतःच छापलें. ती हकीकतही आपणांस एकाच बाजूनें कळते. विनोद मात्र अस्सल आहे, आणि तो पुष्कळदां स्वतःवरच उलटविलेला असल्यामुळें साक्षीदाराविषयीं विश्वास उत्पन्न होतो.

आतां कागद. इतिहासज्ञ जॉन थॉर्न यांस पिट्सफील्डच्या १८६९ सालीं छापलेल्या इतिहासांत त्याचा उल्लेख आढळला, व मूळ कागद गांवच्या बर्कशायर अथीनियम या ग्रंथालयांत मिळाला. तज्ज्ञांकडून परीक्षा होऊन मे २००४ मध्यें तो जाहीर झाला. म्हणजे छापील उल्लेख एकशें पस्तीस वर्षें लोकांच्या हातांत होता आणि त्याचें मोल कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं! अप्रकाशित बाडांमागें धांवतांना छापून पडलेलें न वाचण्याची खोड आमच्याकडेच आहे असें नव्हे. गांवच्या नव्या प्रार्थनामंदिराच्या खिडक्या सुरक्षित राहाव्या म्हणून, त्यापासून ऐंशीं यार्डांच्या आंत विकेट, क्रिकेट, बेसबॉल, फुटबॉल इत्यादि चेंडूचा कोणताही खेळ खेळूं नये, अशी ही ताकीद आहे.

मीमांसकांच्या मतें जें प्राप्त असतें त्याचाच निषेध संभवतो. जें कोणी करीतच नाहीं तें करूं नका असें कोणी सांगत नाहीं. तेव्हां बेसबॉल नांवाचा खेळ १७९१ मध्यें त्या गांवीं माहीत होता, व काचा फुटण्याचें भय वाटण्याइतका चालू होता, एवढें या निषेधावरून सिद्ध होतें. ॲब्नर डबलडे यांनीं १८३९ मध्यें कूपर्सटाउन येथें हा खेळ निर्माण केला, अशी एका वृद्धाच्या आठवणीवर उभारलेली कथा १९०७ च्या सुमारास एका समितीनें मान्य केली होती. ती यापूर्वींच खिळखिळी झाली होती. डबलडे त्या वर्षीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकत होते. परंतु या कागदाच्या बळावर पिट्सफील्डास बेसबॉलचें जन्मस्थान ठरविणें हा अतिप्रसंग होय. निषेध उत्पत्ति सांगत नाहीं, आणि त्या खेळाचे नियमही सांगत नाहीं. लंडनमध्यें १७४४ सालीं छापलेल्या मुलांच्या एका पुस्तकांत हें नांव आलें आहे. अमेरिकेंतही प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याच्या १७८६ च्या रोजनिशींत 'बेस'पुढें एक तकार अधिक घेऊन 'बेस्ट बॉल' असा शब्द येतो. तो पाठभेद मानावा कीं निराळा खेळ, याविषयीं मतभेद संभवतो. आम्ही पाठभेदाकडे झुकतों.

वाकोना पार्कच्या बाबतींतही हाच विवेक हवा. कोणी त्याचें वय १८९२ पासून मोजतो, कोणी १९१९ पासून. जागेचें वय, मालकीचें वय व लाकडाचें वय हीं तीन निरनिराळीं आहेत. पोथीस मागाहून पानें जोडलीं म्हणून पोथी खोटी ठरत नाहीं; तिचा लेखनकाल मात्र एकच सांगतां येत नाहीं. २००५ मध्यें या मैदानाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली, आणि २०२२ मध्यें लाकडी प्रेक्षागृह असुरक्षित ठरून बंद करावें लागलें. बाउटन २०१९ मध्यें वारले. त्यांच्या ग्रंथाची पुढील आवृत्ति जो कोणी काढील, त्यानें २००१ च्या बैठकांचीं टिपणें आणि प्रतिस्पर्ध्यांचे प्रस्ताव परिशिष्टांत अक्षरशः छापावे.