छायेवरून काया

घरच्या लाडक्या कुत्र्यामांजराचें छायाचित्र देऊन त्यावरून रंगचित्र करवून घेण्याची हौस अलीकडे बरीच दिसते. अशा चित्रांत केसन् केस जुळलेला असतो. तरी धनी तें पाहून पुष्कळदां गप्पच राहतो. असें कां व्हावें?

जवळून घेतलेल्या छायाचित्रांत नाक अवास्तव मोठें दिसतें, काळ्या केसांतील छटा अंधारांत बुडतात, प्रकाशझोतानें डोळे काचेसारखे चकाकतात. चित्रकार हे यंत्राचे दोष प्राण्याच्या अंगीं चिकटवितो.

छायाचित्र निरुपयोगी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. जेरिकोनें १८२१ सालीं एप्समच्या शर्यतींतील घोडे चारी पाय पुढेंमागें ताणून धांवतांना रंगविले. घोड्याचे चारी पाय अधांतरीं असतात ते पोटाखालीं आखडलेले असतांना, हें मायब्रिजच्या १८७८ मधील छायाचित्रांनीं दाखवून दिलें. उलट, छायाचित्रकला जन्मण्यापूर्वीं, सुमारें १७६२ सालीं, स्टब्जनें रंगविलेला 'व्हिसलजॅकेट' हा घोडा लंडनच्या नॅशनल गॅलरींत आजही सजीव भासतो. कारण स्टब्जनें घोड्यांचें शवच्छेदन करून त्यांचें हाडन् हाड जाणलें होतें.

तात्पर्य, छायाचित्राची साक्ष घ्यावी, पण निवाडा ज्ञानानें करावा. प्राणी मेल्यावर चित्र सांगितलें असेल, तर चित्रकारानें धन्यालाच विचारावें : हांक मारतांच तो कोणता कान टवकारी? दाराशीं वाट पाहत कसा बसे? तेवढें चित्रांत उतरलें, तर एखादा केस चुकला तरी धन्याची तक्रार राहणार नाहीं.