शुश्रूषा आणि समुपदेश : एक परिभाषाविचार

युद्धग्रस्त वा दंगलग्रस्त प्रदेशांत काम करणाऱ्या मनोवैद्यांच्या व समुपदेशकांच्या स्वास्थ्याचा प्रश्न सामान्यतः वैद्यकाचा किंवा प्रशासनाचा मानला जातो. तो काही अंशी परिभाषेचाही प्रश्न आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

‘शुश्रूषा’ हा शब्द प्रथम घ्यावा. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला असून ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूलार्थ होय. ऐकणे, आज्ञापालन, सेवा आणि अखेर रुग्णसेवा असा त्याचा अर्थविस्तार झाला व त्या ओघात श्रवण लोपले. याउलट ‘समुपदेशक’ हा अर्वाचीन शब्द ‘दिश्’ म्हणजे दाखविणे या धातूवर उभा आहे. तो बोलणाऱ्याचा, मार्ग दाखविणाऱ्याचा बोध करून देतो. वस्तुतः या व्यवसायाचे मुख्य साधन श्रवण हेच होय. जो ऐकतो त्याच्यावर ऐकलेल्याचा परिणाम होतो; जो केवळ सांगतो तो अबाधित राहतो, अशी समजूत मात्र या संज्ञेतच दडलेली आहे.

आपल्या वीरकथांनी हीच समजूत दृढ केली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने तेथेच निवर्तले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस होते. ते मनोवैद्य नव्हते, शल्यविशारद होते. तथापि रणभूमीवरील मराठी वैद्याची प्रतिमा त्यांच्यावरूनच घडली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या पुस्तकाच्या नावात न परतलेल्या एकाची मोजदाद आहे. त्यावर आधारलेल्या व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने कहाणीला ‘अमर’ हे विशेषण दिले. गौरव यथार्थच होता. परंतु अमरास विश्रांती लागत नाही, आणि वैद्याच्या शिणाचा विचार तेथेच थांबतो.

हा दोष केवळ आपलाच नव्हे. फ्रान्झ फॅनन यांनी १९५३ पासून अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात काम केले. १९६१ च्या त्यांच्या ग्रंथात छळ सोसणारे व छळ करणारे अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. त्या नोंदणाऱ्या वैद्याची मनःस्थिती मात्र नोंदीचा विषय होत नाही. तिची चाहूल लागते ती त्यांच्या १९५६ च्या राजीनामापत्रात.

शब्द नाही म्हणून अनुभवच नाही, असे अर्थातच नव्हे. इंग्रजीतही ‘बर्नआउट’ ही संज्ञा या अर्थी फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ च्या लेखानंतर रूढ झाली, आणि रुग्णाच्या आघाताची झळ उपचारकास पोहोचते या कल्पनेस मॅककॅन व पर्लमन यांनी १९९० मध्ये नाव दिले. पुढे २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांच्या स्थायी समितीने आपत्कालीन मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शिका काढली, तेव्हा तिच्या पंचवीस कृतिपत्रांपैकी एक कर्मचारी व स्वयंसेवक यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी होते. नाव मिळाल्याने उपाय आपोआप होतो असे नाही. परंतु अनामिक दुखण्यासाठी रजा मागता येत नाही, हेही खरे.

मराठी येथे दरिद्री नाही. कामाच्या भाराने येतो तो ‘शीण’. दुसऱ्याचे दुःख ‘जिव्हारी लागते’. आणि तेच ते ऐकून मन ‘निबर होते’. बोलीतील हे तीन प्रयोग तीन भिन्न अवस्था नेमकेपणाने दाखवितात. परिभाषाकारांनी संस्कृत धातूंकडे वळण्यापूर्वी त्यांची दखल घेतली पाहिजे. निबर झालेल्या मनाला शीण समजून आठ दिवसांची सुट्टी दिली, तर तो उपचारक परत येईल, पण ऐकू शकणार नाही. त्याची हानी अखेर समोर बसलेल्या रुग्णालाच सोसावी लागेल.