भयानक आणि बीभत्स : व्हिडिओ गेममधली भीती कुठे टिकते, कुठे विरते



विषयाचं नाव वाचून आज दोन प्रकारची मंडळी आलेली दिसताहेत. पुढच्या रांगांत माझ्या वयाची, ज्यांनी असले खेळ पाहिलेले नाहीत. आणि मागे उभी असलेली तरुण मुलं, ज्यांना या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं ते बघायचंय. दोघांनाही सांगतो, यातले काही खेळ मी स्वतः खेळलो आहे, आणि जिथे बोटं कमी पडली तिथे एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून पाहिले आहेत. खेळणं आणि शेजारी बसून पाहणं यांत जो फरक आहे, त्यावरच आजचं निम्मं बोलणं आहे.

आधी शब्द लावून घेऊ. नाट्यशास्त्रात भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस सांगितले. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भयानकाचे विभाव सांगताना भरत काय सांगतो? विकृत आवाज, पिशाचादिकांचं दर्शन, कोल्ह्याघुबडांचं ओरडणं, ओसाड घरात किंवा अरण्यात जाणं. यादी याहून मोठी आहे. पण पाहा, तिच्यात आवाज आहे, जागा आहे, आणि त्या जागेत *जाणं* आहे. रक्त, आतडी वगैरे सामग्री त्याने बीभत्साकडे दिली. भीतीचे खेळ फसतात तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं : भयानक साधत नाही म्हणून बीभत्स वाढवलेला असतो. किळस लवकर येते आणि लवकर मरते. चौथ्या प्रेताकडे कोणी बघतही नाही.

आता एक उदाहरण. 1999 साली कोनामी या जपानी कंपनीचा ‘सायलेंट हिल’ आला. त्या वेळच्या प्लेस्टेशनची ताकद अशी, की दूरवरच्या इमारती, रस्ते हे सगळं एका वेळी दाखवणं त्याला झेपत नव्हतं. मग गावावर धुकं पसरलं. अडचण झाकायला आणलेलं धुकं त्या खेळाचा आत्माच होऊन बसलं. नायकाच्या खिशात एक रेडिओ. काही जवळ आलं की तो खरखरतो. म्हणजे आवाज आधी, दर्शन नंतर, आणि मधल्या चार-पाच सेकंदांत तुमचं मन जे काही तयार करतं, ते कुठल्याही चित्रकाराला जमलं नसतं. एडमंड बर्कने 1757 साली उदात्तावर जो ग्रंथ लिहिला, त्यात भीतीला अस्पष्टता लागते असं त्याने मांडलं होतंच. धोक्याची पूर्ण व्याप्ती दिसली की भीती ओसरते.

याची उलटतपासणी पुढे आपोआप झाली. 2012 साली या मालिकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची ‘एचडी’ आवृत्ती निघाली. चित्र स्वच्छ झालं आणि दुसऱ्या भागातलं धुकं विरळ झालं. त्यामागे जे कधी दिसायचंच नव्हतं ते दिसू लागलं. तळ्याचं पाणी मध्येच सरळ रेषेत संपतंय, असं लोकांना दिसलं. खेळणारे चिडले, आणि योग्यच चिडले. ‘ग्राफिक्स भारी आहेत’ हे या कलाप्रकारात गुणाचं प्रमाणपत्र नव्हे, एवढं त्यातून कळावं.

पण धुकं, अंधार, खरखर हे सिनेमालाही जमतं. नारायण धारप आणि मतकरी वाचत रात्री जागवलेली मंडळी समोर बसली आहेत. कागदावरही ते जमतं हे त्यांना वेगळं सांगायला नको. मग खेळाचं स्वतःचं काय? माझ्या मते, ते ‘जाणं’. सिनेमा तुमच्याशिवाय पुढे सरकतो. तुम्ही डोळे मिटलेत तरी नायिका तळघरात उतरणारच. खेळात मात्र तुम्ही उतरला नाहीत तर कोणीच उतरत नाही.

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने 2010 साली केलेला ‘अम्नेशिया : द डार्क डिसेंट’ घ्या. तुमच्या हातात शस्त्र नाही. अंधारात थांबलात तर नायकाचं मानसिक संतुलन ढासळतं. कंदील लावलात तर राक्षसाला तुम्ही दिसता, आणि तेलही संपतं. राक्षसाकडे पाहिलंत तरी संतुलन जातंच. दार उघडायचं तर नुसतं बटण दाबून भागत नाही. माउस धरून हातानेच ते ओढावं किंवा लोटावं लागतं. बोटभर फट पाडून डोकावता येतं, आणि घाबरून पळताना तेच दार धड लागत नाही. एका पाणी भरलेल्या तळघरात तर प्राणी दिसतच नाही. पाण्यावर नुसती पावलं उमटत तुमच्याकडे येतात. तुम्ही खोक्यांवरून उड्या मारत पुढे जायचं. या प्रसंगात रक्त जवळपास नाहीच. सगळी भीती पुढची उडी आता मारू की थांबू, या प्रश्नात आहे.

इथे तत्त्वज्ञानातली खरी अडचण सुरू होते. अभिनवगुप्ताने भयानकाचं उदाहरण म्हणून शाकुंतलातलं, दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने पळणारं हरीण घेतलं. प्रेक्षकाला तिथे भय जाणवतं, पण ते ‘माझं’ नसतं, ‘त्याचं’ही नसतं, देशकालापासून सुटलेलं, साधारण झालेलं भय असतं. म्हणून तर त्याचा आस्वाद घेता येतो. स्वतःच्या सुखदुःखात अडकलेल्या प्रेक्षकाला रस लाभत नाही, तो विघ्नच. मग खेळणाऱ्याचं काय? तो तर म्हणतो, ‘मी मेलो.’ नायक मेला असं कोणी म्हणत नाही! शेजारी बसून पाहताना मला हरणाचं भय लाभत होतं. स्वतः खेळताना मात्र मीच हरीण.

म्हणजे खेळात रस शक्यच नाही का? मला तसं वाटत नाही. पण विघ्न खरं आहे, आणि ते कुठून येतं ते नेमकं सांगता येतं. पहिल्यांदा मरताना भीती असते. त्याच जागी चौथ्यांदा मरताना चिडचिड असते. ‘आता पुन्हा ती पाच मिनिटं खेळायची’ हे दुःख साधारणीकृत नव्हे, ते निव्वळ माझं आहे. राक्षसाची जागा हिशोब घेतो : तो डावीकडून येतो, अकरा सेकंदांनी वळतो, तेवढ्यात पळायचं. नियम कळला आणि भीती गेली. म्हणून माझी कसोटी साधी आहे : नियम कळल्यानंतर काय उरतं?

यावर आक्षेप येईल, की खेळ म्हणजे नियमच. ते आज ना उद्या कळणारच. बरोबर आहे. आणि चांगल्या खेळांनी या आक्षेपाला आपापली उत्तरं दिली आहेत. ‘अम्नेशिया’मध्ये तुम्ही मेलात, की परतल्यावर पुष्कळदा तो राक्षस तिथे नसतो किंवा दुसरीकडे असतो. पाठांतराचा उपयोगच काढून घेतला. 2014 सालच्या ‘एलियन : आयसोलेशन’मध्ये दोन बुद्धी काम करतात. एकीला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं. ती त्या प्राण्याला नुसती दिशा सुचवते. प्राण्याला स्वतःला मात्र डोळ्याकानांनीच तुम्हाला शोधावं लागतं. त्यामुळे तो जवळपास भटकत राहतो, पण त्याचा मार्ग पाठ करता येत नाही. त्याचा माग दाखवणारं यंत्र तुमच्याकडे असतं. त्याची टिकटिक त्यालाही ऐकू जाते. माहिती हवी तर धोका पत्करा! आणि हाच खेळ पुढे कुठे सैल पडतो? ज्वाळा फेकणारं शस्त्र हातात येतं तिथे. त्याने प्राणी मरत नाही, पण पळतो, आणि तुम्ही इंधन मोजायला लागता. शिवाय पंधरा-वीस तासांची लांबी. भयाला इतका वेळ ताणून धरणं कुणालाच सोपं नाही.

उलट टोकाचं उदाहरण ‘अम्नेशिया’च्याच 2013 सालच्या पुढच्या भागाचं. तो दुसऱ्या संस्थेने केला. लंडन, 1899 ची अखेर, सुंदर भाषा, गंभीर आशय. पण तेल संपत नाही, संतुलन ढासळत नाही, सामान जवळ बाळगायचं नाही. हिशोब गेला, पण त्याबरोबर निर्णयही गेले. वातावरण उत्तम, आणि त्यातून चालणाऱ्याला गमावण्यासारखं फारसं काही नाही. कथा अनेकांना आवडली. भीती मात्र कमी वाटली, ही तक्रार राहिली, आणि ती मला रास्त वाटते.

आता शेवटचा मुद्दा, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. फ्रिक्शनलच्याच 2015 सालच्या ‘सोमा’मध्ये समुद्रतळाच्या एका केंद्रात माणसाच्या मनाची प्रत दुसऱ्या देहात उतरवली जाते. तुम्ही नव्या देहात जागे होता. आणि समोर खुर्चीत तुमचाच जुना देह, जुन्या मनासकट, झोपलेला असतो. तुम्ही ‘गेला’ नव्हता, तुमची प्रत निघाली होती. त्याला त्या काळोखात एकटं जागं होऊ द्यायचं, की झोपेतच संपवायचं? दोन्ही तुमच्या हाती. मागे कोणी लागलेलं नाही, घाई नाही. डेरेक पार्फिटने 1984 साली ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये हा प्रश्न विचारप्रयोग म्हणून मांडला, मी तो वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला. मुलं वहीत उतरवून घ्यायची. इथे तो करावा लागतो.

2017 च्या डिसेंबरात या खेळात एक सुरक्षित पर्याय आला. त्यात राक्षस तुम्हाला मारू शकत नाहीत. काहींना वाटलं, आता काय उरलं? माझी कसोटी इथे लावून पाहा. मरणाची भीती काढून घेतली, नियम पूर्ण कळले, तरी ती खुर्ची आहे तिथेच आहे. आणि ते भय ‘माझ्या’ पाच मिनिटांचं नाही. मन असलेल्या कोणाचंही आहे. अभिनवगुप्ताला अपेक्षित असलेलं साधारणीकरण प्रेक्षकाच्या अंतराशिवाय, कृती करता करताच घडतंय, असा माझा दावा आहे. तो चुकीचा वाटत असेल तर मागच्या मुलांनी आत्ता प्रश्नोत्तरांत माझ्याशी भांडावं. फक्त तो प्रसंग स्वतः खेळून भांडा, कुणाचा व्हिडिओ पाहून नको.